कुलदेवाच्या दर्शनाला गोव्यात येताय? या चुका टाळा

मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत फोंडा तालुक्यातल्या देवळांसमोर महाराष्ट्र-कर्नाटकातल्या गाड्यांची रांग लागते. कुणी नव्या जोडप्याला कुलदेवतेच्या पाया पाडायला आणलेले असते, कुणी आंगवण म्हणजे नवस फेडायला आलेले असते, तर कुणाच्या घराण्यातून दोन-तीन पिढ्यांनी पहिल्यांदाच माणूस आलेला असतो. इतक्या लांबून आलेले कुटुंब बंद दारासमोर उभे राहते किंवा भलत्याच देवळात ओटी भरून परतते, तेव्हा आम्हा इथल्या लोकांच्या जिवाला लागते. निघण्यापूर्वी देवस्थानच्या कार्यालयात एक फोन केला असता तर यातले बहुतेक टळले असते.

नाव एकच, देवळे अनेक

सगळ्यात मोठी चूक इथे होते. ‘आमची कुलदेवी शांतादुर्गा’ एवढ्या माहितीवर लोक मोबाईलच्या नकाशावर नाव टाकतात आणि तो दाखवेल तिकडे जातात. शांतादुर्गा कवळ्याला आहे, फातर्प्याला आहे, धारगळला आहे, आणखीही कितीतरी गावांत आहे. एकट्या फातर्प्यातच दोन देवळे आहेत, एक फातर्पेकरणीचे आणि दुसरे कुंकळ्ळीकरणीचे. म्हाळसा म्हटले की सगळे म्हार्दोळला येतात, पण वेर्ण्याला मूळ जागीही आता तिचे नवे देऊळ उभे आहे. सातेरी, रवळनाथ आणि वेताळ तर गावागणिक.

या गोंधळामागे इतिहास आहे आणि तो ठाऊक असला की शोध सोपा होतो. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये तिसवाडी घेतली, 1543 मध्ये बारदेश आणि साष्टी त्यांच्याकडे गेली. देवळे मोडायला सुरुवात झाल्यावर लोकांनी देव उचलले आणि नदी ओलांडून, तेव्हा आदिलशाहीत असलेल्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात आणले. मंगेश 1560 मध्ये कुशस्थळीहून, आजच्या कुठ्ठाळीहून, प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीला आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदिवड्याला, कामाक्षी रायहून शिरोड्याला. दामोदर मडगावहून जांबावलीला गेला, देवकीकृष्ण चोडणहून माशेलला. सप्तकोटेश्वर दिवाडी बेटावरच्या नार्व्यातून डिचोलीतल्या नार्व्याला आला. दोन्ही गावांचे नाव एकच असल्याने गाड्या अजूनही चुकतात. डिचोलीतल्या या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये केला. जायचे ते इथे.

म्हणून निघण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना चार गोष्टी विचारून लिहून घ्या: गोत्र, मूळ गाव, ग्रामदेवता आणि आडनाव बदलले असेल तर जुने आडनाव. लोटलीकर, वेर्णेकर अशी आडनावे मूळ गाव दाखवतात, पण एकाच गावातल्या घराण्यांची कुलदैवते वेगळी असू शकतात. केवळ आडनावावरून ठरवू नका. देवस्थानात जुन्या भटजींसमोर ही माहिती ठेवली की ते बहुधा योग्य वाट दाखवतात. नुसते ‘आम्ही मूळचे गोव्याचे’ म्हटले तर त्यांनाही काही करता येत नाही.

दुपारी बाराला पोहोचून अभिषेक मागणे

अभिषेक, लघुरुद्र, कुंकुमार्चन या सकाळच्या गोष्टी. दुपारच्या नैवेद्य-आरतीनंतर अभिषेक होत नाही आणि काही देवळांत गाभारा काही वेळ बंदही असतो. आदल्या दिवशी कार्यालयात सांगून पावती घ्या. यजमानाने उपाशी असावे, धोतर-उपरणे बरोबर आणावे. मंगेशीला दर सोमवारी पालखी निघते. ती पाहायची असेल तर संध्याकाळ मोकळी ठेवा, आणि शांतपणे अभिषेक करायचा असेल तर सोमवार सोडून दुसरा वार घ्या, श्रावणात तर नक्कीच.

राहायला अग्रशाळा असतात, पण त्या महाजन-कुळाव्यांच्या, म्हणजे त्या देवाला कुलदैवत मानणाऱ्या घराण्यांच्या धार्मिक कार्यांसाठी आहेत. हॉटेल मिळाले नाही म्हणून ऐनवेळी खोली मागू नका, आणि मिळाली तर तिथे मांसाहार व दारू चालत नाही हे बरोबरच्या तरुण मंडळींना आधीच सांगा.

कौल पुन्हापुन्हा लावणे

याबद्दल मला मनापासून बोलायचे आहे, कारण इथे भाविक स्वतःचेच नुकसान करून घेतात. पाकळ्यांचा प्रसाद ही आमच्याकडची जुनी रीत. भटजी ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर लावतात, गाऱ्हाणे घालतात आणि उजवी पाकळी पडते की डावी, यावरून देवाची संमती समजतात.

‘मुलाचे लग्न या स्थळाशी करू का, आणि पुण्यातली जागा विकू का?’ असा जोडप्रश्न घेऊन लोक येतात. पाकळी पडल्यावर ती कोणत्या प्रश्नाला पडली हे कुणी सांगावे? एका वेळी एकच प्रश्न, आणि तोही हो किंवा नाही असे उत्तर देता येईल असा मांडा. दुसरी चूक त्याहून वाईट: डावा, म्हणजे नकाराचा प्रसाद झाला की बाहेर येऊन थोडे थांबायचे आणि तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा लावायचा, किंवा दुसऱ्या देवळात जाऊन लावायचा. मनासारखे होईपर्यंतच विचारायचे असेल तर विचारूच नये. आणि आजारपणाचा प्रश्न असेल तर कौल घ्या, पण डॉक्टरांचे औषध त्यावर थांबवू नका. प्रसाद रोज आणि दिवसभर लावत नाहीत, तेव्हा ती वेळही आधी विचारून घ्या.

कपडे, कॅमेरा, तळी

समुद्रावरून थेट देवळात येऊ नका. अर्धी चड्डी किंवा बिनबाह्यांच्या कपड्यांत अनेक ठिकाणी आत सोडत नाहीत, वाद घालूनही उपयोग होत नाही. गाडीत एक लुंगी आणि ओढणी ठेवली की काम भागते. गाभाऱ्याचे फोटो काढू नका. देवळासमोरची तळी पूजेची असते, तिच्यात पाय बुडवून रील बनवू नका. शेवाळ धरलेल्या पायऱ्यांवरून पावसाळ्यात माणसे घसरतात.

एका दिवसात सगळे देव

मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी, महालक्ष्मी ही देवळे इतकी जवळजवळ आहेत की यादी संपवायचा मोह होतो. तो आवरा. सकाळी कुलदेवाचे सगळे विधी करा, दुपारचे तिथेच जेवा, मग संध्याकाळी आणखी एक-दोन देवळे पुरेत. यादी संपवण्याच्या घाईत सगळ्यात जास्त अन्याय होतो तो नागेशावर. हा देव कुठून हलवून आणलेला नाही, तो मूळचा बांदिवड्याचाच, आणि 1413 चा शिलालेख तिथे आहे. देवळाच्या चौकातल्या, म्हणजे सभामंडपातल्या लाकडी पट्ट्यांवर रामायणातले प्रसंग कोरून रंगवले आहेत. मुलांना वर मान करून ते ओळखायला लावा, अर्धा तास सहज जातो. मंगेशीलाही मागच्या बाजूच्या मुळकेश्वराला न भेटता लोक परततात. परिवारदेवतांना नमस्कार केल्याशिवाय इथे दर्शन पुरे मानत नाहीत.

एसटीने येणाऱ्यांसाठी: पणजी-फोंडा मार्गावरच्या कदंब बस, म्हणजे गोव्याच्या सरकारी बस, मंगेशी-म्हार्दोळवरून जातात, पण आतल्या देवळांसाठी रिक्षा किंवा पायलट (भाड्याची मोटरसायकल) लागतो. संध्याकाळी उशिरा तो मिळेलच असे नाही, म्हणून जाताना परतीचेही बोलून ठेवा.

जत्रेत बेसावध शिरणे

शिरगावची लईराई देवीची जत्रा वैशाखात असते. धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, रात्रीच्या होमकुंडातून पहाटे निखाऱ्यांवरून चालत जातात. ते सोवळ्यात असतात, त्यांना हात लावू नका, त्यांच्या वाटेत फोटोसाठी उभे राहू नका. 2025 च्या जत्रेत पहाटेच्या वेळी चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांना त्या रात्री होमकुंडाच्या बाजूला नेऊच नका. दर्शन घ्यायचेच तर दिवसा घ्या, गाडी गावाबाहेर ठेवा, उताराच्या अरुंद वाटेवर गर्दी दाटली तर पुढे न रेटता कडेच्या अंगणात सरका, आणि चुकामूक झाली तर घरच्यांनी कुठे भेटायचे ती जागा आधी ठरवा.

तांबडी सुर्लाचे कदंब राजांच्या काळातले महादेवाचे देऊळ पाहायचे असेल तर ते फोंड्याच्या यादीत कोंबू नका. ते मोल्याच्या बाजूच्या जंगलात आहे, वाटेत मोबाईलला रेंज जाते, म्हणून रस्ता आधी समजून घ्या, पाणी आणि खाणे बरोबर ठेवा, आणि उजेड असतानाच परत फिरा.