स्वीडन ट्रिपचं पैशांचं प्लॅनिंग : जिथे रोख घेतच नाहीत तिथे बजेट कसं बसवायचं

स्वीडनला जायचं ठरलं की घरातली मोठी माणसं आधी विचारतात, किती नोटा बदलून घेतल्यास? खरं उत्तर आहे, जवळजवळ नाहीच. तिथल्या दुकानांमधे दहा खरेद्या झाल्या तर त्यातली जेमतेम एक रोखीत होते, स्टॉकहोमच्या बसमधे ड्रायव्हर कित्येक वर्षांपासून पैसे हातात घेत नाही, आणि कॅफेच्या दारावर 'कोन्टान्टफ्रिट' अशी पाटी असेल तर तिथे नोट चालणारच नाही. यात त्यांचं काही चुकतंय असं नाही, कायद्यानेच बहुतेक दुकानदारांना आधी पाटी लावून रोख नाकारता येते. युरोपातल्या पहिल्या कागदी नोटा १६६१ मधे याच स्टॉकहोममधे छापल्या होत्या, आणि आज तिथलंच आब्बा या पॉप बँडचं म्युझियम २०१३ ला उघडलं तेव्हापासून रोख घेत नाही.

आता आपल्याला वाटतं की आपण तर भाजीसुद्धा यूपीआयवर घेतो, आपल्याला काय अवघड आहे. पण इथेच लोक फसतात. तिथे यूपीआय नाही, तिथे स्विश आहे, २०१२ मधे तिथल्या मोठ्या बँकांनी मिळून सुरू केलेलं, आणि स्विशला स्वीडनच्या बँकेतलं खातं लागतं, बँकेची डिजिटल ओळख लागते, त्यासाठी तिथला नागरिक क्रमांक लागतो. टुरिस्टला यातलं काहीच मिळत नाही. म्हणजे आपल्या हातात राहतं फक्त कार्ड, आणि तेही चालू असलेलं, पिन माहीत असलेलं, व्हिसा किंवा मास्टरकार्ड. त्यामुळे माझं सगळं प्लॅनिंग एकाच प्रश्नाभोवती फिरतं. पैसे किती आहेत हे ठीक, पण एक कार्ड बंद पडलं तर पैशांपर्यंत पोचायचा दुसरा रस्ता कोणता?

दुसरा रस्ता म्हणजे खरंच दुसरा हवा. नवरा-बायको दोघांकडे दोन कार्डं आहेत म्हणून लोक निवांत असतात, पण बायकोचं ॲड-ऑन कार्ड त्याच क्रेडिट कार्ड खात्यावरचं असेल तर लिमिट एकच असते, आणि बँकेने संशय येऊन खातंच थांबवलं तर दोन्ही कार्डं एकदम गेली. म्हणून एक क्रेडिट कार्ड एका बँकेचं, एक फॉरेक्स (आधी परकीय चलन भरून ठेवायचं) किंवा डेबिट कार्ड दुसऱ्या बँकेचं, जमलं तर एक व्हिसा आणि एक मास्टरकार्ड, आणि दोन्ही एकाच पाकिटात ठेवायची नाहीत. एक अंगावर, एक हॉटेलवरच्या बॅगेत. कार्ड हरवलं तर कुठे फोन करायचा तो परदेशातून लागणारा नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण कार्ड आणि फोन एकाच पर्समधे असतात आणि जाताना दोन्ही एकत्रच जातात.

निघायच्या दोन-तीन आठवडे आधी बँकेच्या ॲपमधे जाऊन आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्ड फक्त भारतातल्या एटीएम आणि दुकानांपुरतंच चालू असतं, बाकी सगळं आपण स्वतः चालू करायचं असतं. यात चार बटणं वेगवेगळी असतात, परदेशात मशीनवर, परदेशात ऑनलाइन, परदेशात एटीएम आणि टॅप करून, आणि लोक पहिलं बटण दाबून झालं समजतात. मग मेट्रोच्या गेटवर टॅप होत नाही. प्रत्येकाची लिमिटही तिथेच बघा, कारण काही बँका ती अगदी कमी ठेवतात आणि हॉटेलचं बिल त्यात बसत नाही.

पिन पाठ हवा, हे मी दोनदा सांगेन. स्वीडनमधे साधारण ४०० क्रोनापर्यंत (क्रोना हे तिथलं चलन) टॅप करून काम होतं, त्यावर गेलं की मशीन पिन मागतं, आणि अधूनमधून छोट्या रकमेलाही मागतं. क्रेडिट कार्डाचा पिन आपण इथे फारसा वापरत नाही त्यामुळे तो कित्येकांना आठवतच नाही. निघण्याआधी नवा पिन सेट करा आणि इथेच एखाद्या दुकानात कार्ड मशीनमधे घालून तो चालतो का बघून घ्या.

आता फॉरेक्स कार्ड. सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे, म्हणून जरा सविस्तर. स्वीडन युरोपियन युनियनमधे आहे पण युरो वापरत नाही, २००३ च्या सार्वमतात लोकांनी युरो नाकारला, चलन आजही क्रोना आहे, एका क्रोनाला साधारण आठ ते दहा रुपये धरून चाला. एजंट 'युरोप आहे ना' म्हणून कार्डावर युरो भरून देतो, मग तिथे क्रोनामधे खर्च झाला की कार्ड युरोचे क्रोना करतं आणि त्या बदलण्याचा वेगळा आकार लावतं, वर सुरुवातीला रुपयाचे युरो करताना गेले ते गेलेच. म्हणून एकतर स्वीडिश क्रोना भरता येतो असंच कार्ड घ्या, नाहीतर सरळ कमी मार्कअपचं, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावर बँक कमी जादा आकार लावते असं, क्रेडिट कार्ड वापरा. साध्या क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्के मार्कअप आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी असेल तर एकूण चार टक्क्यांच्या थोडं वर जातं, म्हणजे एक लाखाच्या खर्चावर चार हजारांहून जास्त. मार्कअप न घेणारी कार्डंही मिळतात, त्यांची वार्षिक फी बघून हिशोब करा.

आणि मशीनने 'रुपयात की क्रोनात' असं विचारलं तर प्रत्येक वेळी क्रोना. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो म्हणून बोट तिकडे जातं, पण तो भाव मशीनवाल्याचा असतो आणि आपल्याला महागच पडतो. एटीएमलाही हेच.

बजेटकडे येऊ. व्हिसासाठी स्वीडन माणशी रोज ४५० क्रोना खर्चाला आहेत हे दाखवायला सांगतं, पण तो आकडा कागदासाठीचा आहे, बजेट म्हणून धरू नका, त्यात राहणं, खाणं, फिरणं सगळं बसणं कठीण आहे. मी खर्चाचे दोन भाग पाडते. पहिला भाग म्हणजे जे भारतातूनच भरून टाकता येतं ते सगळं : विमान, हॉटेल, स्टॉकहोम ते गोथेनबर्ग किंवा माल्मो अशी ट्रेन, व्हिसाची ९० युरो फी आणि वरचा सर्व्हिस चार्ज, किमान ३०,००० युरो कव्हर असलेला इन्शुरन्स. ट्रेनची तिकिटं जितकी आधी तितकी स्वस्त पडतात, आणि घरी बसून बुक केलं की ओटीपी येण्याचाही प्रश्न नाही. तिकडे ओटीपी हवाच लागणार असेल तर भारतीय सिमवर रोमिंगमधे एसएमएस येतो का हे कंपनीला आधीच विचारा, आणि तिथलं सिम घेतलं तरी आपलं सिम फोनमधून काढू नका.

दुसरा भाग म्हणजे तिथे रोज होणारा खर्च, आणि खरी शिस्त इथे लागते. रोख असते तेव्हा पाकीट हलकं झालेलं हाताला कळतं, टॅप करताना काहीच कळत नाही. त्यावर माझा उपाय असा की रोजच्या खर्चासाठी एकच कार्ड ठेवायचं, त्यात तीन-चार दिवसांचेच पैसे भरायचे, आणि ते संपत आले की पुढचे भरायच्या आधी दोघांनी बसून बघायचं कशावर गेले. बँकेच्या मेसेजवर हिशोब ठेवू नका, काही व्यवहारांची खरी रक्कम दोन-तीन दिवसांनी पक्की होते आणि भाव बदललेला असतो. रात्री झोपायच्या आधी क्रोनामधे आकडे लिहून ठेवले की पुरे.

वाचवायच्या जागा पुष्कळ आहेत. जेवण दुपारी बाहेर आणि रात्री घरी, हा तिथला सगळ्यात चांगला नियम, कारण कामाच्या दिवशी साधारण ११ ते २ 'दागेन्स लुंच' मिळतं, त्यात सॅलड, ब्रेड आणि बऱ्याचदा कॉफीसकट थाळीसारखं पूर्ण जेवण १२० ते १५० क्रोनाच्या आसपास होतं, तेच संध्याकाळी बरंच वर जातं. पाणी नळाचंच प्या, उत्तम असतं. बाटलीबंद काही घेतलंच तर त्यावर डिपॉझिट लागतं, रिकामी बाटली सुपरमार्केटच्या मशीनमधे टाकली की पावती मिळते आणि ती बिलातून वजा होते. सुपरमार्केटची पावती तशीही फेकू नका, स्वतः स्कॅन करायच्या काउंटरवरून बाहेर पडताना गेट पावतीशिवाय उघडत नाही असं बऱ्याच ठिकाणी आहे. स्टॉकहोमच्या वासा म्युझियमला, जिथे जुनं जहाज ठेवलंय, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही.

स्टॉकहोममधे मेट्रो-बसला थेट बँकेचं कार्ड टॅप करता येतं, एका तिकिटावर ७५ मिनिटं, चाळीस-पंचेचाळीस क्रोना. पण एका कार्डावर एकच माणूस, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला चार कार्डं कुठून आणायची, त्यांनी ॲपवर किंवा मशीनवर तिकिटं काढावीत. चार दिवसांहून जास्त राहणार असाल तर ७२ तासांच्या तिकिटाऐवजी थेट सात दिवसांचं घ्या, फरक फार नसतो. विमानतळावरून आर्लांडा एक्स्प्रेस वीसेक मिनिटांत पोचवते पण महाग आहे. वेळ असेल तर ५८३ नंबरची बस धरून मार्श्ता आणि तिथून लोकल, नेहमीच्याच तिकिटावर होतं, विमानतळाच्या स्टेशनवरून ट्रेन धरली की लागतो तो वेगळा आकार लागत नाही.

टिपचं टेन्शन घेऊ नका. रेस्टॉरंटमधे मशीन कधीकधी 'एकूण रक्कम टाका' म्हणतं, तिथे बिलाचाच आकडा टाकून ओके केलं तरी कोणी वाकडं बघत नाही.

रोख अजिबात नको का? थोडी हवी. माणशी चार-पाचशे क्रोना, छोट्या नोटांमधे. जुन्या वस्तूंचा रविवारचा बाजार, गावाकडच्या रस्त्याकडेला ठेवलेली अंडी-मध अशी विकणारी टपरी, अशा जागी फक्त स्विशचा नंबर लिहिलेला असतो, तिथे शेजारी उभ्या माणसाला विनंती करून त्याला रोख द्यायची आणि त्याने स्विश करायचं, लोक मदत करतात. शिवाय सिस्टीम पडू शकते, आणि कधीकधी तर रोखही कामाला येत नाही. जुलै २०२१ मधे कूप या सुपरमार्केटच्या बिलिंग सॉफ्टवेअरवर सायबर हल्ला झाला आणि जवळपास ८०० दुकानं बंद ठेवावी लागली, तेव्हा कार्ड आणि रोख दोन्ही असून उपयोग नव्हता. म्हणून खोलीवर एका दिवसाचं खाणं कायम ठेवा, लहान मुलं बरोबर असतील तर नक्कीच. आणि कोणा नातेवाईकाने जुन्या ट्रिपच्या उरलेल्या नोटा दिल्या तर नीट बघा, २०१५ ते २०१७ मधे सगळ्या नोटा बदलल्या, जुन्या आता दुकानात चालत नाहीत.

हॉटेल आणि भाड्याची गाडी डिपॉझिट म्हणून रक्कम अडकवून ठेवतात, त्यासाठी क्रेडिट कार्डच द्या. फॉरेक्स कार्ड दिलं तर तुमचे रोजच्या खर्चाचे खरे पैसे अडकतात आणि सुटायला कित्येक दिवस लागतात. परत आल्यावर एअरपोर्टवरच आंतरराष्ट्रीय वापर बंद करायची घाई नको, आधी अडकलेल्या सगळ्या रकमा सुटल्या का, उशिरा येणारे व्यवहार आले का ते स्टेटमेंटमधे बघा, मग बटणं बंद करा, आणि फॉरेक्स कार्डावर उरलेले क्रोना लगेचच्या काळात पुन्हा जायचं नसेल तर रुपयात परत घेऊन टाका, नुसतं पडून राहिलेल्या कार्डावर काही बँका फी कापत राहतात.