फ्रेंचमध्ये प्रश्न विचारताना: आधी 'एस्क' पक्कं करा

'तुम्ही फ्रेंच बोलता का?' हे फ्रेंचमध्ये तीन प्रकारे विचारता येतं. 'वू पार्ले फ्राँसे?' हे साधंच वाक्य, फक्त शेवटी सूर वर. मित्रमंडळीत हेच चालतं. 'एस्क वू पार्ले फ्राँसे?' कुठेही चालतं. 'पार्ले-वू फ्राँसे?' यात क्रियापद आधी आणि सर्वनाम नंतर येतं. औपचारिक पत्रात, अर्जात हे शोभतं.

नवशिक्यांनी 'एस्क'वर भर द्यावा. आपला 'का' वाक्याच्या शेवटी येतो, हा सुरुवातीला. पुढचं वाक्य जसंच्या तसं. पुढे स्वर आला की दोन्ही जोडून म्हणायचं: 'एस्क' आणि 'इल' (तो) मिळून 'एस्किल'. प्रश्नवाचक शब्द त्याच्याही आधी: 'ऊ एस्क त्यू आबित?' म्हणजे 'तू कुठे राहतोस?'. मात्र 'कोण येतंय?' विचारताना नुसतं 'की व्ह्याँ?' पुरतं, कारण तिथे 'की' हाच कर्ता आहे.

सर्वांत जास्त चुका उलट्या क्रमात होतात. 'एस्क' लावून पुन्हा क्रम उलटणं, म्हणजे 'एस्क पार्ले-वू', हे चूकच. 'इल', 'एल' (ती) किंवा 'ओं' (आपण, कोणीही) या सर्वनामांच्या आधी क्रियापद स्वराक्षराने संपत असेल, तर मध्ये 'त' घालावा लागतो: 'आ-तिल?' (त्याच्याकडे आहे का?), 'पार्ल-तिल?' (तो बोलतो का?). लिहिताना या 'त'च्या दोन्ही बाजूंना जोडरेघ हवी. परीक्षेत गुण इथेच जातात.

आणि नकारार्थी प्रश्नाला होकार द्यायचा असेल तर 'वी' नाही, 'सी' म्हणा. 'तू येणार नाहीस?' 'सी!', म्हणजे 'येणार की!'