मुलांना ‘इकडे बघ’ न म्हणता फोटो कसे काढायचे

माझ्या मुलीचा मला सगळ्यात आवडणारा फोटो कुठल्या ट्रिपचा नाहीये, वाढदिवसाचाही नाहीये. ती दाराशी बसून बुटाची नाडी बांधतेय, पहिल्यांदाच स्वतःची स्वतः, जीभ ओठांच्या कोपऱ्यातून जराशी बाहेर आलेली, एका हातातला फास सुटत चाललाय आणि उघड्या दारातून सकाळचा उजेड बरोबर तिच्या बोटांवर पडलाय. मी तिथे आहे याकडे तिचं लक्षच नव्हतं. त्याच महिन्यात आम्ही फिरायला गेलो होतो, तिथले दोनशेच्या वर फोटो आहेत, आणि निम्म्यात ती कॅमेऱ्याकडे बघून तेच ठरलेलं हसू हसतेय. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले आणि तेव्हापासून मी फोटो काढायची पद्धतच बदलली. तीच इथे सांगतेय, फोन असो की कॅमेरा, बहुतेक सगळं दोन्हीला चालतं.

१. आधी लेन्स पुसा

खरंच, पहिलं काम हेच. फोन दिवसभर खिशात नाहीतर मुलांच्या हातात असतो, बोटांचा तेलकटपणा लेन्सवर बसतो आणि मग दिव्यांभोवती धूसर वलय येतं, चेहरे पुसट दिसतात. मऊ सुती कापडाने पुसलं की झालं. सोबतच लॉक न उघडता कॅमेरा सुरू करायचा शॉर्टकट सेट करून ठेवा, कारण मुलांचा क्षण पासवर्ड टाकेपर्यंत थांबत नाही. वेगळा कॅमेरा असेल तर त्यातली तारीख-वेळ बरोबर आहे ना तेही बघा, पुढे फोटो शोधताना तीच कामाला येते.

२. उजेड कुठून येतोय ते बघा

फोटो चांगला येणार की नाही हे बरंचसं इथेच ठरतं. घरात असाल तर खिडकी शोधा, मूल खिडकीच्या कडेला असेल आणि उजेड चेहऱ्यावर बाजूने पडत असेल तर फार काही करावं लागत नाही. अशा वेळी खोलीतला दिवा बंद करा, नाहीतर खिडकीकडचा गाल निळसर आणि दिव्याकडचा पिवळा येतो आणि तो रंग नंतर एडिट करून नीट होत नाही, मी खूप वेळा प्रयत्न केलाय.

बाहेर भर दुपारी ऊन डोक्यावर असतं, त्यामुळे डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि मुलं डोळे बारीक करतात. झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत या, पण अगदी आत नको, सावलीच्या कडेला, तोंड मोकळ्या आकाशाकडे. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा तास मात्र सोडू नका, तेव्हा ऊन तिरपं आणि मऊ असतं. सूर्य मुलाच्या पाठीमागे असेल तर चेहरा काळा पडतो, तेव्हा स्क्रीनवर चेहऱ्यावर टॅप करायचं आणि ब्राइटनेस थोडा वर सरकवायचा, कॅमेऱ्यावर एक्स्पोजर +१ करायचं. समुद्रकिनाऱ्याच्या चकचकीत वाळूवरही हेच, कारण कॅमेरा पांढऱ्याला राखाडी करून टाकतो.

फ्लॅश मी घरात लावतच नाही. चेहरा सपाट दिसतो, डोळे लाल येतात, आणि मुख्य म्हणजे मूल जे करत होतं ते सोडून तुमच्याकडे बघतं.

३. खाली बसा

गुडघ्यावर बसा, गरज पडली तर सरळ जमिनीवर आडवे व्हा, लेन्स मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला आली पाहिजे. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय इवलेसे दिसतात आणि मागे नुसती फरशी. खाली बसलात की टेबल उंच वाटतं, कुत्रा मोठा वाटतो, म्हणजे मुलाला जग दिसतं तसं.

दोन बोटांनी झूम करू नका, बऱ्याचदा तो फोटो फक्त कापून मोठा केलेला असतो. चार पावलं पुढे जा. पण चेहऱ्याच्या अगदी जवळही नको, फोनची मुख्य लेन्स वाइड असते त्यामुळे जवळून नाक फुगल्यासारखं दिसतं. नुसता चेहरा हवा असेल तर थोडं मागे राहून दुपटीची वेगळी लेन्स असेल ती वापरा.

४. पळणारं मूल

सगळ्यात जास्त फोटो इथे वाया जातात. कॅमेरा असेल तर डायल ‘एस’ किंवा ‘टीव्ही’वर न्या, दोन्हीचा अर्थ शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहणार ते, तुम्ही ठरवणार. रमतगमत चालणाऱ्या मुलाला १/१२५ सेकंद पुरतो, खेळताना १/२५०, पळताना १/५००, उड्या मारताना १/१०००. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे ते, ऑटोवर ठेवा, त्याने फोटोत दाणे आले तर येऊ देत. दाणेदार फोटो दहा वर्षांनीही प्रेमाने बघता येतो, चेहराच हललेला असेल तर काही करता येत नाही.

फोनमध्ये हे सगळं हातात नसतं, म्हणून जास्त उजेडात जायचं आणि बर्स्ट, म्हणजे एकापाठोपाठ भराभर फोटो काढायची सोय, वापरायचं. नाइट मोड झोपलेल्या मुलासाठीच ठेवा, तो बराच वेळ उजेड गोळा करून फोटो बनवतो आणि तेवढ्यात जागं मूल कुठल्या कुठे गेलेलं असतं.

झोपाळ्यावर एक सोपी गोष्ट आहे: झोका पुढच्या टोकाला पोचतो तिथे तो क्षणभर थांबतो आणि मग मागे फिरतो, बटण तिथे दाबा. उडीचंही तसंच, अगदी वर असताना. दोन-तीन झोके नुसते बघा, लय कळते.

५. ‘इकडे बघ’ म्हणू नका

मूल ज्यात गुंतलंय त्यातच राहू द्या आणि तुम्ही त्याच्या अवतीभवती फिरा. पहिली पाच मिनिटं त्याला तुमची जाणीव असते, मग ते विसरतं, तोपर्यंत धीर धरायचा. फिरायला गेल्यावर मी एका जागेचे तीन फोटो काढते: एक लांबून, ज्यात आम्ही नेमके कुठे आहोत ते कळतं, एक मधल्या अंतरावरून आणि एक अगदी जवळून, म्हणजे मुठीत धरलेला दगड, चिखलाचे पाय, आजोबांच्या बोटाला धरलेला छोटा हात. पाठमोरे फोटोही काढा.

आणि घर आवरून फोटो काढू नका हो! पसरलेली खेळणी, भिंतीवरच्या रेघोट्या, जुना सोफा हे सगळं फ्रेममध्ये येऊ द्या. माझ्या लहानपणीच्या फोटोंमध्ये मी आता स्वतःला कमी आणि मागचं कपाट, पडदे, आईची साडी जास्त बघते.

दहा मिनिटं झाली की कॅमेरा ठेवून द्या आणि त्यांच्यात खेळायला जा. मूल ‘नको’ म्हणालं तर नाही काढायचा, ते कितीही लहान असो.

६. स्वतःही फोटोत या

जो काढतो तोच अल्बममध्ये नसतो. फोन कशाला तरी टेकवून १० सेकंदांचा टायमर लावा, नाहीतर सरळ मुलाच्या हातात द्या. माझ्या मुलाने काढलेल्या फोटोत माझं अर्धं डोकं कापलंय, पण मी त्याच्याकडे बघून जशी हसतेय तशी दुसऱ्या कुठल्याच फोटोत नाहीये.

७. निवडा, जपा, छापा

फोटो त्याच रात्री निवडा, चाळीसातले पाच ठेवा. साठले की कोणीच बघत नाही.

बॅकअपचं मी पोटतिडकीने सांगतेय. माझा फोन पाण्यात पडला आणि आठ महिन्यांचे फोटो गेले, मुलगा रांगायला लागला ते सगळं त्यात होतं. उरले ते फक्त नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले, आणि तेही दाबून लहान झालेले. आता नियम एकच, ३-२-१: तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा भावाकडच्या हार्ड डिस्कवर. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. पण मग फोटो काढलेलं ठिकाणही त्या फाइलमध्ये राहू शकतं, त्यामुळे घरच्यांपलीकडे जाणार असेल तर लोकेशन काढून टाका, आणि शाळेचा गणवेश, आंघोळीचे फोटो सगळ्यांसमोर टाकूच नका.

महिन्याला दहा फोटो छापून घ्या. ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे जुन्या फोनचे फोटोही छान छापून येतात. मागे हलक्या हाताने लिहा, बॉलपेन दाबून लिहिलं तर पुढे वळ उठतात. तारीख लिहा, आणि त्या वेळी मूल काय म्हणालं तेही लिहा. नाडीच्या त्या फोटोमागे मी तिचं वाक्य लिहून ठेवलंय, गाठ मारून झाल्यावर पाय पुढे करून ती म्हणाली होती, “बघ, सुटत नाहीये.”