अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेताना होणाऱ्या या चुका टाळा

फ्री रॅडिकल्समुळे (शरीरात तयार होणाऱ्या, झटकन क्रिया करणाऱ्या अस्थिर रेणूंमुळे) पेशींची हानी होते, अँटिऑक्सिडंट ती हानी रोखतात, म्हणून रोज एक गोळी घेतलेली बरी. यातली पहिली दोन विधानं खरी आहेत. तिसरं त्यांच्यातून आपोआप निघत नाही, आणि बहुतेक चुकांचं मूळ इथेच सापडतं.

फ्री रॅडिकल्स हा नुसता कचरा नव्हे. पांढऱ्या रक्तपेशी जंतूंना मारण्यासाठी ते मुद्दाम तयार करतात आणि पेशींमधले कितीतरी संदेशही त्यांच्याच मार्फत जातात. त्यांना आवरायला शरीराची स्वतःची यंत्रणा असते. ग्लुटाथायोन, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज ही त्यातली मुख्य नावं. या यंत्रणेला सेलेनियम, झिंक, तांबं, मँगनीज थोड्या प्रमाणात लागतात. ते कमी पडले तर यंत्रणा लंगडी पडते आणि तेव्हा गोळीचा खरोखर उपयोग होतो. पुरेसे असतील तर वरून कितीही ओतलं तरी संरक्षण त्या प्रमाणात वाढत नाही.

कमतरता आहे का, हे न पाहता सुरुवात करणं

चीनमधल्या लिनशियन भागातल्या लोकांच्या आहारात मुळातच पोषकद्रव्यांची कमतरता होती. तिथे बीटा-कॅरोटिन (फळं-भाज्यांतलं रंगद्रव्य, ज्याचं शरीरात व्हिटॅमिन ए होतं), व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम एकत्र दिल्यावर एकूण मृत्यूंचं प्रमाण ९ टक्क्यांनी घटलं. हे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. याउलट अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१२ सालच्या आढाव्यात ७८ चाचण्या आणि जवळजवळ ३ लाख माणसं होती. त्यात निरोगी लोकांचं किंवा विविध आजार असलेल्यांचं आयुष्य या गोळ्यांनी वाढल्याचं दिसलं नाही. बीटा-कॅरोटिन आणि व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत तर मृत्यूचं प्रमाण किंचित जास्तच आढळलं.

म्हणून ‘ही गोळी चांगली का?’ असं विचारून फार काही हाती लागत नाही. आहार खूपच मर्यादित आहे का, आतड्यांत अन्नशोषण कमी होतं का, आतड्याची किंवा जठराची शस्त्रक्रिया झाली आहे का, हे आधी विचारा. यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांकडून तपासणी करून नेमकं जे कमी आहे तेवढंच घ्या. दहा घटकांची मिश्र गोळी घेतली, तर फायदा कशाने झाला आणि त्रास कशाने, ते कधीच कळत नाही.

सिगारेट ओढणाऱ्यांनी ‘भरपाई’ म्हणून बीटा-कॅरोटिन घेणं

ही या यादीतली सगळ्यात घातक चूक आहे. फळं-भाज्या भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो आणि त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटिन जास्त असतं. तेव्हा तेच गोळीतून दिलं तर धूम्रपान करणाऱ्यांचं रक्षण होईल, अशी संशोधकांची अपेक्षा होती. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर तिची चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला तो उलटा. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेत ‘कॅरेट’ चाचणीत धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले कामगार होते. त्यांना ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन आणि सोबत व्हिटॅमिन ए दिलं गेलं. फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त दिसल्यावर १९९६ साली ही चाचणी ठरल्या वेळेच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली.

सिगारेट सोडली असेल तरी हा इशारा लागू आहे. मल्टीव्हिटॅमिन, त्वचेसाठीच्या गोळ्या, डोळ्यांच्या गोळ्या, सगळ्यांच्या लेबलवर बीटा-कॅरोटिन शोधा. भाज्या आणि फळांतून मिळणाऱ्या कॅरोटिनची धास्ती बाळगू नका, कारण हा धोका गोळीतल्या मोठ्या मात्रेचा आहे.

‘डोळ्यांसाठी चांगलं’ एवढं वाचून डबी उचलणं

अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा ठोस फायदा जिथे सिद्ध झाला आहे, अशा मोजक्या जागांपैकी एक म्हणजे वाढत्या वयात दृष्टिपटलाच्या मध्यभागी होणारी झीज. २००१ सालच्या ‘एरेड्स’ चाचणीत ही झीज मध्यम टप्प्यावर असलेल्यांत ती पुढच्या गंभीर टप्प्याला जाण्याचा धोका ५ वर्षांत साधारण २५ टक्क्यांनी कमी झाला. त्या मिश्रणात बीटा-कॅरोटिन होतं. २०१३ च्या ‘एरेड्स-२’ नंतर त्याच्या जागी ल्युटिन आणि झियाझँथिन ही त्याच गटातली दुसरी रंगद्रव्यं आली.

लेबलवर रोजच्या मात्रेचे हे आकडे जुळवून पाहा: व्हिटॅमिन सी ५०० मिलिग्रॅम, व्हिटॅमिन ई ४०० आययू (आंतरराष्ट्रीय एकक), ल्युटिन १० मिलिग्रॅम, झियाझँथिन २ मिलिग्रॅम, झिंक ८० मिलिग्रॅम, तांबं २ मिलिग्रॅम. काही उत्पादनांत नाव हेच असतं, पण प्रत्येक घटक नावापुरताच. शिवाय हे आकडे एका गोळीचे की दिवसाच्या दोन गोळ्यांचे, तेही तिथेच बघा. ज्यांना ही झीज नाही त्यांना ती होऊ नये म्हणून या गोळ्या उपयोगी पडत नाहीत, मोतीबिंदूही त्या रोखत नाहीत. झीज कोणत्या टप्प्यावर आहे ते बाहुली मोठी करून केलेल्या तपासणीतच कळतं. तेव्हा आधी तपासणी, मग गोळी.

वेगवेगळ्या डब्यांतली बेरीज न करणं

वरच्या मिश्रणातलं ८० मिलिग्रॅम झिंक हे प्रौढांसाठीच्या ४० मिलिग्रॅम या कमाल मर्यादेच्या दुप्पट आहे. ते ठरावीक आजारासाठी, वैद्यकीय देखरेखीखाली दिलं जातं आणि म्हणूनच सोबत तांबंही असतं, कारण जास्त झिंक तांब्याचं शोषण अडवतं. आता त्याच माणसाने १५ मिलिग्रॅम झिंक असलेलं मल्टीव्हिटॅमिन आणि प्रतिकारशक्तीसाठी २५ मिलिग्रॅमची आणखी एक गोळी सुरू केली, की रोजचे १२० मिलिग्रॅम झाले. काही महिन्यांत तांब्याची कमतरता होऊन हिमोग्लोबिन घटू शकतं, पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, पायांना बधिरपणा येऊ शकतो. मग रक्त का घटलं याचा शोध भलतीकडेच सुरू होतो.

कागदावर प्रत्येक डबीतला घटक आणि रोजची मात्रा लिहून बेरीज करा. प्रौढांसाठी अमेरिकेत मानलेल्या कमाल मर्यादा अशा: व्हिटॅमिन सी २००० मिलिग्रॅम, व्हिटॅमिन ई १००० मिलिग्रॅम, सेलेनियम ४०० मायक्रोग्रॅम. युरोपात सेलेनियमची मर्यादा त्याहून कमी, २५५ मायक्रोग्रॅम आहे. या आकड्यांपर्यंत पोहोचायचं नसतं, त्यांच्यापासून बरंच दूर राहायचं असतं. व्हिटॅमिन ई चं एकक नीट पाहा: ४०० आययू म्हणजे नैसर्गिक प्रकारात सुमारे २६८ मिलिग्रॅम आणि कृत्रिम प्रकारात १८०. रोजची गरज फक्त १५ मिलिग्रॅमची. ‘सिलेक्ट’ या ३५ हजारांहून जास्त पुरुषांच्या चाचणीत रोज ४०० आययू व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला. म्हणजे मात्रा मर्यादेच्या आत होती, तरी नुकसान टळलं नाही.

गर्भवतींनी रेटिनॉल स्वरूपातलं व्हिटॅमिन ए स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नये. रोज ३००० मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे १०,००० आययूच्या वर बाळात जन्मजात दोष येण्याचा धोका असतो.

व्हिटॅमिन सी ग्रॅमच्या हिशेबात घेणं

रोज २०० मिलिग्रॅमच्या आसपास रक्तातली पातळी जवळपास भरते. एका वेळी १ ग्रॅमच्या वर घेतलं तर निम्म्याहून कमी शोषलं जातं. उरलेलं आतड्यात पाणी ओढतं आणि जुलाब होतात. शोषलेल्यापैकी काही भागाचं ऑक्सलेट बनतं, ज्याचे मूतखडे होतात, म्हणून मूतखडा झालेल्यांनी मोठे डोस टाळावेत. शरीरात लोह साठण्याचा आजार असणाऱ्यांनीही टाळावेत. सर्दीबद्दल सांगायचं तर, रोज नियमित घेतल्यास मोठ्यांत तिचा काळ साधारण ८ टक्क्यांनी कमी होतो. शिंका सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीने तेवढाही फरक पडल्याचं खात्रीने दिसलेलं नाही.

व्यायाम करणाऱ्यांनीही विचार करावा. २००९ सालच्या एका प्रयोगात रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० आययू ई घेणाऱ्यांत, व्यायामामुळे इन्सुलिनच्या कामात होणारी सुधारणा दिसलीच नाही. व्यायामात तयार होणारे फ्री रॅडिकल्स हाच स्नायूंना सुधारण्याचा इशारा असतो.

डॉक्टरांना आणि लॅबला न सांगणं

वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असताना व्हिटॅमिन ई चा मोठा डोस रक्तस्राव वाढवू शकतो. केमोथेरपी किंवा रेडिएशन चालू असेल तर कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही गोळी नको. डॉक्सिसायक्लिनसारख्या अँटिबायोटिकबरोबर झिंक घेऊ नका, दोन्हींत निदान २ तासांचं अंतर ठेवा. शौचातलं अदृश्य रक्त शोधणाऱ्या काही चाचण्यांत व्हिटॅमिन सी मुळे रक्त असूनही निकाल ‘नाही’ असा येऊ शकतो. केस-नखांच्या मिश्र गोळ्यांत बहुधा बायोटिन हे बी गटातलं व्हिटॅमिनही असतं, आणि त्याने थायरॉइड व हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्यांचे आकडे चुकतात.

गोळी सुरू केल्यावर त्रास झाला तर

रिकाम्या पोटी मळमळ होत असेल तर बहुतेक वेळा कारण झिंक असतं, ते जेवणानंतर घेऊन पाहा. व्हिटॅमिन ई आणि ल्युटिनही थोडी स्निग्धता असलेल्या जेवणाबरोबरच नीट शोषले जातात. जुलाब लागले तर व्हिटॅमिन सी ची मात्रा कमी करा. तळहात-तळपाय पिवळट केशरी झाले आणि डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहिला, तर ते कॅरोटिन साठल्याचं लक्षण आहे आणि गोळी थांबवल्यावर हळूहळू जातं. केस गळू लागले, नखं ठिसूळ झाली, श्वासाला लसणासारखा वास येऊ लागला, तर सेलेनियम जास्त झालं असावं. ते लगेच बंद करून डॉक्टरांकडे जा.

डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, अंगाला खाज सुटणं ही यकृताची लक्षणं आहेत. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या चालू असताना ती दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. या अर्कातल्या ईजीसीजी घटकाची मात्रा रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढतात (हे यकृताला इजा होत असल्याचं लक्षण), असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली दिला आहे. जाताना सगळ्या डब्या सोबत न्या, कारण नुसत्या नावावरून आत काय आणि किती आहे हे डॉक्टरांना कळत नाही.