बोटीच्या इंजिनाच्या ओल्या एक्झॉस्टमधील गळती: माझा अनुभव

इंजिनावर भार आला की एक्झॉस्ट एल्बोखाली (गरम धुरात त्याला थंड करणारे समुद्राचे पाणी जिथे मिसळते, तो धातूचा वाकडा नळ) पाणी ठिबकत असे आणि वाळल्यावर तेथे मिठाची पांढरी पुटे उरत. क्लॅम्प आवळणे, वरून सीलंट लावणे हे सारे वैताग वाढवण्यापलीकडे गेले नाही.

अखेर इंजिन थंड झाल्यावर सी-कॉक (समुद्राचे पाणी आत घेणारी झडप) बंद केला, एल्बोला जोडलेला होज (रबरी नळी) काढला आणि एल्बोचे तोंड तारेच्या ब्रशने घासले, तेव्हा गंजाच्या पापुद्र्याखाली सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसले. अशा एल्बोची डागडुजी करण्यात अर्थ नसतो. नवा एल्बो नव्या गॅस्केटसह बसवून बोल्ट आलटूनपालटून आवळले, नंतर होजच्या प्रत्येक टोकाला स्टेनलेस स्टीलचे दोन क्लॅम्प, स्क्रू परस्परविरुद्ध बाजूंना ठेवून, लावले. सी-कॉक उघडून मगच इंजिन सुरू केले, भाराखाली सांध्यांभोवती टिश्यू कागद फिरवला, तो कोरडा राहिला. गळक्या सांध्यातून कार्बन मोनॉक्साइडही बाहेर पडू शकतो, त्यामुळे केबिनमध्ये त्याचा अलार्म बसवला.