एलकेए देताना या चुका टाळा

अमेरिकेतील इंटर्निस्ट म्हणजे प्रौढांच्या अंतर्गत आजारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आपले प्रमाणपत्र टिकवण्यासाठी दर १० वर्षांनी द्याव्या लागणाऱ्या दिवसभराच्या परीक्षेला अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिनने जानेवारी २०२२ पासून ‘लॉन्जिट्यूडिनल नॉलेज असेसमेंट’ म्हणजे एलकेए हा ऑनलाइन पर्याय दिला आहे. दर तिमाहीला ३० प्रश्न, प्रत्येकासाठी ४ मिनिटे, पुस्तके व संकेतस्थळे पाहण्याची मुभा आणि ५ वर्षांत एकूण ६०० प्रश्न, असे त्याचे स्वरूप आहे. माझ्या पाहण्यात तरी इथे अडचणीत येणारे डॉक्टर ज्ञानात कमी पडत नाहीत. प्रश्न केव्हा आणि कुठे उघडावा, इथे ते चुकतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दोन रुग्णांच्या मधल्या फटीत ‘एखादा प्रश्न उरकून घेऊ’ म्हणणे. समजा, ७२ वर्षांची बाई, गोंधळलेली अवस्था, सोडियम ११८, खाली औषधांची लांबलचक यादी, असा प्रश्न तुम्ही वॉर्डातल्या संगणकावर उघडलात आणि तिसऱ्या ओळीवर असतानाच एका रुग्णाचा रक्तदाब घसरल्याचा नर्सचा फोन आला. तुम्ही धावणार, हे उघडच आहे. घड्याळ मात्र तुमच्यासाठी थांबत नाही आणि उघडून अनुत्तरित राहिलेला प्रश्न चुकीचा धरला जातो. तोच प्रश्न उघडलाच नसता, तर तो ५ वर्षांत न उघडण्याची सवलत असलेल्या १०० प्रश्नांत गेला असता. म्हणून ऑन-कॉल असताना एलकेएला हात लावू नये.

अर्थात ही सवलतही पहिल्याच वर्षी उधळण्यासाठी नाही. एक तिमाही सोडली की ३० प्रश्न जातात, तीन सोडल्या की हाताशी जेमतेम १० उरतात, आणि मग घरच्या आजारपणासाठी अचानक भारतात यावे लागले तर पंचाईत होते. तिमाहीच्या शेवटच्या रात्री ३० प्रश्नांना सलग दोन तास बसणे नियमात बसते, परंतु विसाव्या प्रश्नानंतर डोळे वाचतात आणि डोके वाचत नाही. आठवड्याला तीन प्रश्न घेतले तरी दहा आठवड्यांत काम होते.

पुस्तक पाहता येते म्हणून सगळे शोधत बसणेही घातक ठरते. वरच्या उदाहरणात नुसते ‘हायपोनॅट्रेमिया’ (रक्तातले सोडियम कमी होणे) टाइप केले, तर वाचायला तासभर लागेल इतका मजकूर समोर येतो. आधी प्रश्नाची शेवटची ओळ वाचावी, मनाशी उत्तर ठरवावे आणि ‘२४ तासांत सोडियम किती वाढवावे’ एवढीच शंका पडताळावी. वर्षाला जादा ३० मिनिटे मिळतात, पण १२० प्रश्नांत वाटली तर ती प्रश्नामागे अवघी १५ सेकंद होतात. तेव्हा ती किचकट प्रश्नांसाठी राखावीत.

माणसाला विचारणे मात्र पूर्ण निषिद्ध आहे. नवरा-बायको दोघेही डॉक्टर असलेल्या घरात जेवणाच्या टेबलावर सहज तोंडातून निघालेला ‘तुला काय वाटतं?’ हा प्रश्नसुद्धा नियमभंगच ठरतो. व्हॉट्सअ‍ॅप गटावर स्क्रीनशॉट टाकणे तर विचारूच नका. परीक्षेतील प्रश्नांच्या देवाणघेवाणीवरून याच बोर्डाने २०१० मध्ये १३९ डॉक्टरांवर कारवाई केली होती.

राहता राहिला गुणांचा हिशेब. एलकेए चालू आहे म्हणजे ५ वर्षांतले १०० एमओसी (‘मेंटेनन्स ऑफ सर्टिफिकेशन’, म्हणजे प्रमाणपत्र टिकवण्यासाठी लागणारे) गुण आपोआप जमतील, असे अनेकांना वाटते. बरोबर उत्तराला ०.२ गुण मिळतो. ६०० पैकी ४२० उत्तरे बरोबर आली, तर ८४ गुण होतात. उरलेले १६ इतर मान्य सीएमई (डॉक्टरांचे निरंतर वैद्यकीय शिक्षण) उपक्रमांतून मिळवावे लागतात, आणि ते पाचव्या वर्षाच्या डिसेंबरात शोधायला निघणारे डॉक्टर दरवर्षी भेटतात.