होडी वाहतेय, पण मासा लागत नाही? या चुका टाळा

एप्रिलमध्ये हिडकल धरणाच्या पाण्यात अख्खी सकाळ घालवून रिकाम्या हाताने बेळगावला परतलो, तेव्हा दोष मी सॉफ्ट प्लास्टिकच्या, म्हणजे गळाला ओवायच्या रबरासारख्या मऊ नकली आमिषाच्या, रंगाला दिला होता. रंगाचा काही संबंध नव्हता. वाऱ्यावर सोडलेली होडी स्वतःच लाइन ओढत असते, हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी फेकत होतो वाऱ्याकडे, होडी जिथून आली त्या बाजूला. आमिष तळाला टेकायच्या आत होडी पुढे सरकायची, लाइन ताणली जायची आणि शॅड (माशाच्या आकाराचं सॉफ्ट प्लास्टिक) वर उचलला जायचा. वल्हं मारणारे मामा शेवटी म्हणाले, "मासा धरायला आलायस की रबराला फिरवून आणायला?" होडी जिकडे चाललीय तिकडे फेका. मग होडीच आमिषाकडे येते आणि ते सरळ खाली बसतं. फक्त ढिली पडणारी लाइन रिळावर घेत राहा, नाहीतर मरळ तोंडात घेऊन थुंकेल तरी कळायचं नाही.

एवढं करूनही तळ लागत नसेल तर जिग हेड, म्हणजे वजन बसवलेला गळ, हलकं आहे. 5 ग्रॅमवरून 10 वर जा. किंवा होडीचाच वेग कमी करा: रंगाची रिकामी बादली दोरीने वाऱ्याकडच्या बाजूला बांधून पाण्यात सोडायची. विकतच्या ड्रिफ्ट सॉकचं, म्हणजे पाण्यात ओढत होडीला रोखणाऱ्या कापडी पिशवीचं, काम ती झकास करते. आपण दुसऱ्या बाजूने फेकायचं, म्हणजे दोरीत गुंता होत नाही.

प्लास्टिक गळावर वाकडं ओवलं की पाण्यात भिंगरीसारखं फिरतं आणि लाइनला पीळ बसतो. ओवण्याआधी गळ प्लास्टिकच्या शेजारी धरून टोक कुठून बाहेर येणार ते बघा. होडीजवळ एकदा ओढून पाहिलं की खरं-खोटं कळतं. हिडकल 51 टीएमसीचं धरण. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाजवळची खोडं वर येतात. तिथे उघडा गळ दर फेकीला अडकतो, टोक प्लास्टिकमध्ये लपवणारा वीडलेस गळच लावा.

वेगवेगळ्या जातीची प्लास्टिकं एका डब्यात टाकून उन्हात ठेवू नका. त्यांच्यातलं मऊ ठेवणारं तेल एकमेकांना आणि डब्यालाही खातं. माझ्या डब्यात एकदा रंगीत कुंदाच तयार झाला होता! मूळ पाकिटातच ठेवा.

आणखी एक, कटला-रोहूसाठी हा खटाटोप करू नका, ते असल्या आमिषाला सहसा शिवत नाहीत. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका दिसला तर खाली मरळीची जोडी राखणीला असते. ती आमिषावर तुटून पडते, पण भुकेने नव्हे, पिल्लांपायी. तिथे गळ गुंडाळून घ्या आणि होडी पुढे जाऊ द्या.